एक वाफा आणि एक वही : आठवी ते दहावीच्या मुलांसोबत शेतीचा अभ्यास



आपल्यापैकी पुष्कळ जण रविवारचे वर्ग घेतात. लहान मुलांच्या वर्गात गोष्टी होतात, गाणी होतात, खेळ होतात आणि वेळ कसा जातो ते कळत नाही. आठवी-नववीची मुले समोर बसली की मात्र आपली पंचाईत होते. गोष्टीचा शेवट त्यांना आधीच ठाऊक असतो. उपदेश तर ती घरी आणि शाळेत भरपूर ऐकून आलेली असतात. त्यांच्या हातांना काम हवे असते आणि डोक्याला खरा प्रश्न हवा असतो. या लेखात आपण अशा मुलांसाठी शेतीचा एक छोटा उपक्रम कसा घ्यावा ते पाहू.

मी शेतीतली जाणकार नाही. इंदूरला वाणिज्य शाखेत शिकते आणि हिंदी लेखांचे मराठी अनुवाद करण्याची सेवा करते. गेली दोन वर्षे शहराबाहेरच्या एका गावात आम्ही तीन मैत्रिणी रविवारी सकाळी वर्ग घेतो. पुढे जे लिहिले आहे त्यातला बराचसा भाग आधी चुकून मगच शिकलेला आहे. तेव्हा आपल्याकडे अनुभवी शेतकरी सदस्य असतील तर हा लेख त्यांना आधी वाचून दाखवावा.

मुलांना आधी काय विचारावे

पहिल्या दिवशी मी विचारले, "तुमच्यापैकी मोठेपणी शेती कोण करणार?" एकोणीस मुले होती. त्यांतल्या चौदा जणांच्या घरी शेती होती. एकही हात वर झाला नाही. एक मुलगा तर हसला आणि म्हणाला, "दीदी, ती काय ठरवून करायची गोष्ट आहे? नापास झालो की आहेच."

हे वाक्य आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. "अभ्यास कर, नाहीतर ढोरे वळावी लागतील" ही धमकी मराठी घरांतही काही कमी ऐकू येत नाही. शाळेत दंगा केला म्हणून बागेतले गवत उपटायला पाठवल्याचे मी स्वतः अनुभवले आहे. म्हणजे मातीत हात घालणे ही शिक्षा, असे आपणच मुलांच्या मनावर ठसवतो आणि मग त्याच मुलांना बळीराजाचे निबंध लिहायला सांगतो.

इथे उद्देश नीट समजून घ्यावा. प्रत्येक मुलाने शेतकरी व्हावे असा या उपक्रमाचा हेतू नाही. त्याला जे व्हायचे ते त्याने व्हावे. पण आपले वडील रोज सकाळी बांधावर उभे राहून आभाळाकडे बघतात तेव्हा ते नुसते उभे नसतात, मनात हिशेब चाललेला असतो, एवढे त्याला कळले पाहिजे. शेती डोक्याने करायची गोष्ट आहे, हे सांगून पटत नाही. करून पटते.

आणखी एक. आपल्याकडे अशा उपक्रमाचे नाव काढले की लगेच वृक्षारोपण सुचते. वृक्षारोपण चांगलेच आहे. पण पुष्कळदा त्यात एक खड्डा, एक रोप, एक छायाचित्र एवढेच होते आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावले जाते. मुलांना शिकण्यासाठी रोज जाऊन बघावे लागेल असे काहीतरी हवे. म्हणून झाड नको, वाफा घ्यावा. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, एवढा पुरे.

ही कल्पना नवी नाही

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून जी योजना पुढे आली तिला आपण 'नई तालीम' म्हणून ओळखतो. अभ्यासक्रम ठरवण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कताई, शेती, सुतारकाम यांसारखा एखादा उद्योग मध्यभागी ठेवायचा आणि गणित, विज्ञान, भूगोल त्याच्या अनुषंगाने शिकवायचे, हे तिचे सूत्र. शाळा सुटल्यावर थोडे बागकाम, असा तो विचार नव्हता. काम हेच पाठ्यपुस्तक होते. मात्र त्याच समितीच्या अहवालात एक इशारा आहे, तो आपण विसरू नये : उत्पन्नाच्या बाजूवर इतका भर पडू नये की शिक्षणाचा हेतूच मागे पडावा.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांतली मुले शेतात राबून स्वतःच्या शिक्षणाचा भार उचलत. बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९२२ साली श्रीनिकेतन सुरू केले. आपल्या मुलाला, रथींद्रनाथांना, त्यांनी शेतीशास्त्र शिकायला अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात पाठवले होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्या काळी बड्या घरचे मुलगे बॅरिस्टर व्हायला परदेशी जात.

अमेरिकेतही ओहायो राज्यात १९०२ साली ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा-अधीक्षकांनी मुलामुलींचे शेतकी मंडळ काढले होते. मुले मातीची परीक्षा करीत, निवडक मक्याचे बी लावून पाहत. पुढे 'फोर-एच' म्हणून वाढलेल्या चळवळीची सुरुवात तिथली मानतात. तिथल्या अनुभवातली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. नवे वाण, नवी पद्धत मोठी माणसे एकदम स्वीकारत नाहीत, पण स्वतःच्या मुलाने कोपऱ्यात लावलेला तुकडा ती येता-जाता बघतातच.

आणि आजचे उदाहरण हवे असेल तर पुणे जिल्ह्यातले पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले संशोधक. मुंबईतले उद्योगक्षेत्रातले संशोधन सोडून त्यांनी १९८३ साली या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे : शेती-पशुपालन, लोखंड-लाकूडकाम, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य. हे चारही विषय सगळ्यांना, मुलींनाही वेल्डिंग आणि मुलांनाही स्वयंपाक. गावाला लागणारी छोटी कामे मुले करून देतात. त्यामुळे काम खोटे-खोटे नसते, बिघडले तर गावकरी बोलतात. पुण्याकडच्या सदस्यांनी एकदा जाऊन पाहावे.

पहिला पाठ : वाफसा

हिंदीतली 'क्यारी' म्हणजे मराठीतला 'वाफा', हे मला ठाऊक होते. 'वाफसा' हा शब्द मात्र मी पहिल्यांदा अनुवाद करताना शोधला, आणि त्याचा अर्थ कळला तो वाफा बिघडल्यावर.

पहिल्या वर्षी जुलैत दोन दिवस चांगला पाऊस झाला. माती मऊ झाली आहे, खणायला सोपे जाईल, असा विचार करून आम्ही तिसऱ्याच दिवशी कुदळी घेतल्या. माळव्याची काळी माती. ती पायांना, कुदळीला, खुरप्याला चिकटली. कसाबसा वाफा झाला, पालकाचे बी टाकले. चार दिवस ऊन पडले आणि वाफ्यात विटेसारखी ढेकळे तयार झाली. उगवण जवळजवळ शून्य. एका मुलाचे आजोबा बांधावरून सगळे पाहत होते. ते म्हणाले, बतर यायच्या आधीच हात लावलात. माळव्यात 'बतर' म्हणतात तोच आपला 'वाफसा'.

त्यांनी शिकवलेली परीक्षा अशी. चार बोटे खोलीवरची मूठभर माती घ्यावी. दाबून लाडू करावा. कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. लाडू पडून सहज फुटला, भुगा झाला, तर वाफसा आला. तसाच चपटा होऊन बसला तर अजून ओल जास्त आहे. लाडूच वळला नाही तर ओल उडाली, पाणी देऊन थांबावे लागेल.

याच्यामागचे विज्ञान मुलांना नववीच्या भाषेत सांगता येते. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. पाऊस पडल्या पडल्या त्या पाण्याने भरून जातात, हवेला जागा राहत नाही. अशा वेळी माती तुडवली की पोकळ्या मिटतात आणि वाळल्यावर ढेकूळ होते. निचरा होऊन पोकळ्यांत थोडे पाणी आणि थोडी हवा, अशी स्थिती आली की मुळांना दोन्ही मिळते. तो वाफसा.

याच्या जोडीला बरणीचा प्रयोग करावा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, खूप हलवून स्थिर ठेवावी. वाळू मिनिटभरात खाली बसते. तिच्यावर पोयट्याचा थर काही तासांत जमतो. चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. मुलांना पट्टीने थर मोजायला लावावेत. आमच्याकडे एकाने नदीकाठची, एकाने माळावरची माती आणली आणि तीन बरण्या आठवडाभर खिडकीत ठेवल्या होत्या. कोणाच्या शेतात पाणी का साचते यावर जो वाद झाला तो मी मध्ये न पडता ऐकला.

दुसरा पाठ : शंभर दाणे

हा पाठ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला घरचे कारण आहे. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारी मोठ्या संख्येने झाल्या. माझे मामा वाशीम जिल्ह्यात शेती करतात. त्यांनी विकत आणलेले बी पेरले, आठ दिवस वाट पाहिली आणि मग उसनवारी करून दुबार पेरणी केली. त्या पावसाळ्यात आजीच्या घरी फोन केला की कोणी जास्त बोलत नसे. पुढे कळले की घरच्या घरी, एक पैसा खर्च न करता, पेरणीच्या आधीच हे बी तपासता आले असते. चूक बियाण्याची होती की पावसाची, ते सांगता येणार नाही. पण दहा दिवस आधी निदान बियाण्याचे तरी कळले असते.

तपासणी अशी करावी. पोत्यातून वरून, मधून, खालून असे बी घेऊन एकत्र करावे. त्यातले शंभर दाणे न निवडता मोजावेत. मुले इथे हमखास टपोरे दाणे उचलतात, तसे होऊ देऊ नये; निवड केली की परीक्षा खोटी ठरते. गोणपाटाचा तुकडा ओला करून पसरावा. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात. वर दुसरा ओला तुकडा ठेवून हलकेच गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडावे, गोणपाट ओले राहावे पण गळू नये. सोयाबीनचे दाणे आधी भिजत घालू नयेत. त्याचे साल फार नाजूक असते, एकदम पाणी शोषले की आतला अंकुर दुखावतो. त्याच कारणाने सोयाबीनची पोती आपटू नयेत, उंच थप्पीही लावू नये.

सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडावी आणि मूळ व कोंब दोन्ही सशक्त असलेले अंकुरच मोजावेत. कुजलेले, वाकडे, अर्धवट अंकुर सोडून द्यावेत. प्रमाणित बियाण्याची किमान उगवणक्षमता सोयाबीनला ७० टक्के, ज्वारीला ७५ टक्के, गहू आणि हरभऱ्याला ८५ टक्के धरतात.

मग त्रैराशिक. सोयाबीनला एकरी साधारण ३० किलो बी ही शिफारस ७० टक्के उगवणीवर आधारलेली आहे. शंभरात साठच उगवले तर? ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो. व्यस्त प्रमाण शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. उगवण फारच कमी आली तर बी वाढवण्यापेक्षा बदलणे बरे.

गेल्या मे महिन्यात आमच्या वर्गातल्या एका मुलाने घरचे बी आणले आणि नेमके साठ उगवले. तो घरी जाऊन वडिलांना म्हणाला, ३५ किलो पेरा. वडिलांनी नेहमीप्रमाणे ४० पेरले. मुलगा दोन रविवार रुसून बसला होता. मी त्याला काही समजावू शकले नाही, कारण वडिलांचेही बरोबर असेल. त्यांना त्यांची जमीन माहीत आहे. पण यंदा बी साठवताना त्यांनी पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवली आणि "शंभर दाणे कधी लावायचे?" असे मुलाला स्वतःहून विचारले, असे त्याने सांगितले.

सोयाबीन स्वपरागित पीक आहे. एकदा चांगले प्रमाणित बी आणले की पुढची दोन-तीन वर्षे घरचेच निवडून वापरता येते. संकरित वाणाचे तसे नाही. हा फरक दहावीच्या आनुवंशिकतेच्या धड्याशी जोडून द्यावा.

एक काळजी मात्र घ्यावीच. बाजारातल्या पुष्कळशा बियाण्याला औषध लावलेले असते, त्यावर लाल-गुलाबी रंग दिसतो. ते मुलांनी उघड्या हाताने हाताळू नये, उरलेले दाणे पाखरांना टाकू नयेत.

पाऊस आणि गाय

हे दोन छोटे प्रयोग पावसाळी दिवसांत बसल्या बसल्या होतात.

सरळ उभ्या कडांचा एक डबा मोकळ्या जागी ठेवावा आणि रोज सकाळी आठला आतले पाणी पट्टीने मोजावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपल्या सहा चौरस मीटरच्या वाफ्यावर दहा मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे साठ लिटर, चार मोठ्या बादल्या. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी असे कृषी विभाग सांगतो. त्या आकड्याचा अर्थ डबा ठेवलेल्या मुलालाच कळतो.

गायीचे वजन टेपने काढता येते. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले १०,८४०, की वजन किलोत येते. घेर १६० आणि लांबी १३० असेल तर साधारण ३०७ किलो. हा अंदाज असतो, काटा नव्हे. पण जनावराला औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून उपयोगाचा. गाय शांत असावी आणि घरचा माणूस तिच्या तोंडाशी उभा असावा, हे वेगळे सांगायला नको.

काय करू नये

मुले पंधरा-सोळा वर्षांची दिसायला मोठी असली तरी फवारणी त्यांच्याकडून कधीही करून घेऊ नये. रिकामे डबे धुवायलाही देऊ नयेत. कडबा कापण्याचे यंत्र, मळणी यंत्र, उघडी विहीर यांपासून लांब ठेवावे. चपला नकोत, बूट हवेत. वर्ग म्हणून कोणाच्या शेतावर फुकट मजुरीला मुले नेऊ नयेत, मग तो आपला कितीही जवळचा सदस्य असो. वर सांगितलेला १९३७ चा इशारा इथे लागू पडतो. काम मुलांच्या शिकण्यासाठी आहे, त्यात शिकण्यासारखे उरले नाही की थांबावे.

बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली अशा शहरांत सदनिकेत राहणाऱ्या सदस्यांना वाफा मिळणार नाही. त्यांनी गच्चीवर चार पिशव्या किंवा जुने टब घ्यावेत. मेथी, कोथिंबीर, मुळा यांना वीतभर माती पुरते. वाफशाचा पाठ तिथे नीट होत नाही, हे खरे. शंभर दाण्यांचा मात्र कुठेही होतो.

तिसरा पाठ : हिशेबाची वही

वाफ्याबरोबर एक वही हवी. वाणिज्य शाखेची असल्याने हा पाठ आपल्याला सोपा, असा माझा समज होता.

जुलैतला पालक गेल्यावर आम्ही नोव्हेंबरमध्ये त्याच वाफ्यात मेथी घेतली. या वेळी वाफसा पाहून. महिनाभरात काढणीला आली आणि सतरा जुड्या झाल्या. गावातच दहा रुपयांना एक अशा विकल्या. मी फळ्यावर हिशेब मांडला. बी दहा रुपये, गांडूळखत पन्नास रुपये, एकूण खर्च साठ. विक्री एकशे सत्तर. नफा एकशे दहा रुपये. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

नववीतली एक मुलगी हात वर करून उभी राहिली. तिने विचारले ते हिंदी-मालवीत, मराठीत असे होईल : "दीदी, आमची मजुरी कुठल्या रकान्यात?"

मी म्हटले, आपण तर घरचेच.

ती म्हणाली, "माझी आई पण घरचीच आहे."

वर्गात आणखी कोणी काही बोलले नाही. मला मात्र पुसून पुन्हा लिहावे लागले. मुलांनी कामाच्या वेळा एका कागदावर लिहून ठेवल्या होत्या, त्या मिळवल्या तर चौदा तास भरले. त्या गावात आठ तासांची मजुरी तीनशे रुपये होती. चौदा तासांचे पाचशे पंचवीस. आता खर्च पाचशे पंच्याऐंशी आणि विक्री एकशे सत्तर. तोटा चारशे पंधरा रुपये.

एवढ्याशा वाफ्यावरून साऱ्या शेतीचा निष्कर्ष काढू नये, हे मी मुलांना सांगितले. सहा चौरस मीटरला पाच जण शिकत शिकत वेळ लावतात, एकराचा हिशेब वेगळा असतो. तरी प्रश्न राहिलाच. आणि तो नुसता नववीतल्या मुलीचा प्रश्न नाही. घरी येऊन मी पुस्तके काढली. केंद्र सरकारचा कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च वेगवेगळ्या पायऱ्यांनी मांडतो. बी, खत, औषध, मजूर, डिझेल असा हातातून गेलेला खर्च म्हणजे 'ए-टू'. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची अंदाजे किंमत मिळवली की 'ए-टू अधिक एफएल'. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरले की 'सी-टू'. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात हमीभाव खर्चाच्या किमान दीडपट ठेवण्याचे जाहीर झाले. त्यात खर्च धरतात तो 'ए-टू अधिक एफएल'. शेतकरी संघटना मागतात ते 'सी-टू'च्या दीडपट. वर्तमानपत्रात हा वाद मी अनेकदा वाचला होता, आणि प्रत्येक वेळी पान उलटले होते. त्या मुलीने तो एका ओळीत विचारला.

तेव्हापासून आमच्या वहीत सहा रकाने आहेत : तारीख, काम, कोणी केले, किती तास, रोख खर्च, रोख जमा. 'कोणी केले' हा रकाना कधी रिकामा ठेवायचा नाही, एवढा एकच नियम.

मग मुलांनीच ठरवले की एक आठवडा घरच्या शेतीची वही ठेवायची. स्वयंपाक, धुणे यात धरायचे नाही, फक्त शेत आणि गोठा. त्या मुलीच्या वहीत आईचे सात दिवसांचे एक्केचाळीस तास निघाले. निंदणी, वैरण, दूध, शेण, बी निवडणे. एका मुलाने आईचे तास लिहिलेच नव्हते. विचारले तर म्हणाला, ती काम करत नाही, घरीच असते. दुसऱ्या रविवारी त्याने वही दुरुस्त करून आणली. ते तास मी इथे लिहीत नाही, त्याने फक्त मला दाखवले.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीचे वडील वर्गात आले. मला भीती वाटली होती, आणि ती खरी ठरली. ते रागावलेले होते. ते म्हणाले, तुम्ही मुलांना शेती शिकवता की घरात भांडणे लावता? घरात मजुरी कोण मागतो? मला उत्तर सुचले नाही. आपल्या वर्गात येणाऱ्या पालकांशी कसे बोलावे याची माहिती मी स्वतः अनुवादित केली आहे, पण त्या वेळी त्यातले काही आठवले नाही. मी फक्त वही त्यांच्या हातात दिली आणि बसायला सांगितले.

त्यांनी पाने उलटली. बराच वेळ वाचले. मुलीचे अक्षर चांगले आहे. मग त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवले आणि तिला म्हणाले, हे बरोबर नाही लिहिले.

तिने विचारले, काय चुकले?

"रात्री दोनला वीज येते तेव्हा गव्हाला पाणी द्यायला मी उठतो. ते कुठे आहे?"

तिने पेन काढले आणि विचारले, "किती वाजेपर्यंत?"

"पाचपर्यंत. थंडीत साडेपाच."

"सातही दिवस?"

"नाही. आठवड्यातून चार."

तिने 'कोणी केले' या रकान्यात 'पापा' लिहिले आणि पुढे तास मांडले.